नकाराच्या पत्रानंतरचे लंडन

आपल्या सीमाभागातल्या घरांत कागद कधी एका भाषेत नसतात. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, पलीकडच्या साखर कारखान्याचे बिल मराठीत, बँकेचे पासबुक इंग्रजीत, आणि शाळा सोडल्याचा दाखला ज्या शाळेत नाव घातले त्या शाळेच्या भाषेत. आपल्याला त्यात वावगे काही वाटत नाही. इथला बँक मॅनेजरही तिन्ही कागद पाहतो, मान हलवतो आणि शिक्का मारतो. पण हेच कागद समुद्रापलीकडच्या एका अधिकाऱ्यापुढे जातात, ज्याने आपले गाव पाहिलेले नाही आणि जो आपल्यालाही कधी पाहणार नाही, तेव्हा काय होते, हे आमच्या घराने २०२४ साली अनुभवले. इंग्लंडला जाण्यासाठी केलेला एक अर्ज फेब्रुवारीत नाकारला गेला, मार्चमध्ये तो पुन्हा केला आणि मे महिन्यात आम्ही लंडन पाहिले. आज बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या भागांत असे घर विरळाच, ज्याचे कुणी ना कुणी परदेशी नाही. म्हणून हा अनुभव सविस्तर सांगावासा वाटतो.

माझ्या सासूबाईंना घरात सगळे अव्वा म्हणतात. वय एकाहत्तर. मामंजी कन्नड प्राथमिक शाळेत शिक्षक होते. ते गेल्यापासून अव्वांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. निपाणीजवळ वेदगंगेच्या काठी त्यांच्या नावावर तीन एकर ऊस आहे. माझी नणंद लंडनच्या हॅरो भागात राहते. लग्नानंतर अकरा वर्षांनी तिला मुलगा झाला आणि तोही दिवस भरण्याच्या दोन महिने आधी. बाळाला इतक्यात लांबच्या प्रवासाला नेऊ नका, असे डॉक्टरांनी सांगितले होते. नातू सहा महिन्यांचा झाला तरी अव्वांनी त्याला फक्त मोबाईलच्या काचेआडून पाहिले होते. मुलीच्या बाळंतपणात आईचा हात लागला नाही, ही सल त्या बोलून दाखवत नसत. पण काजळ-तेलाच्या डब्या मात्र केव्हाच भरून ठेवल्या होत्या.

जानेवारीत आम्ही दोघींनी अर्ज केले. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रीचा प्रवास करून बेंगळुरूला गेलो, बोटांचे ठसे आणि फोटो देऊन आलो. अव्वांची बोटे जन्मभर शेतात राबलेली; ठसे उमटायला चार-पाच वेळा प्रयत्न करावा लागला. तीन आठवड्यांनी निकाल आले. माझा व्हिसा मंजूर झाला होता, अव्वांचा नामंजूर.

दीड पानाचे पत्र

नकाराचे पत्र दीड पानाचे, इंग्रजीत होते. मी एकेक वाक्य मराठीत आणि अडले तिथे कन्नडमध्ये सांगत गेले. सगळे ऐकून अव्वांनी एवढेच विचारले, ‘‘ना एन तप्प माडेनी?’’ माझी चूक काय झाली?

हा प्रश्न परदेशी व्हिसा नाकारलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या मनात येत असेल. पत्रात मात्र त्यांच्यावर ठपका कुठेच नव्हता. त्यात तीन मुद्दे होते. पहिला, अर्जात उत्पन्न म्हणून फक्त निवृत्तिवेतन दाखवले आहे, पण डिसेंबरमध्ये खात्यावर ३ लाख ४० हजार रुपये जमा झाले आहेत आणि ते कुठून आले याचा खुलासा नाही. दुसरा, काही कागद इंग्रजीत नाहीत आणि सोबत भाषांतर नाही, त्यामुळे ते विचारात घेता आले नाहीत. तिसरा, सहा महिने राहण्याची परवानगी मागितली आहे, पण मुदत संपल्यावर मायदेशी परत जाण्याला भाग पाडील असे काही दाखवलेले नाही. शेवटी लिहिले होते की या निर्णयावर अपील नाही. पुन्हा अर्ज करता येईल आणि तो गुणवत्तेवर तपासला जाईल, मात्र परिस्थितीत बदल दिसला नाही तर पुन्हा नकाराचीच शक्यता आहे.

अर्ज गावातल्या एका एजंटाने भरला होता. कागद एकही खोटा नव्हता. पण उसाच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्र नाही, आणि विवरणपत्र नाही म्हणून ते उत्पन्न त्याने लिहिलेच नाही! मुदत सहा महिन्यांपर्यंत मिळते, तर मागायला काय हरकत, असा त्याचा हिशेब. कन्नड उतारा आणि मराठी बिले त्याने तशीच जोडून दिली होती.

आता त्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहू. त्याच्या देशात बहुतेकांचा पगार महिन्याच्या महिन्याला बँकेत येतो. त्याच्यासमोर एका वृद्धेचे खाते आहे, दरमहा ठरावीक रक्कम येते आणि अर्जाच्या महिनाभर आधी एकदम साडेतीन लाखांच्या आसपास जमा होतात. व्हिसासाठी चार दिवस दाखवण्यापुरते पैसे खात्यात फिरवणारे लोक आहेत, हे त्याला ठाऊक आहे. आपल्यालाही ठाऊक आहे. अव्वांचे उसाचे बिल आणि उसनवारीचे पैसे यांत फरक करायला त्याच्याकडे काहीच नव्हते. मुलाखत नाही, समोरासमोर भेट नाही. जे काही बोलायचे ते कागदानेच, आणि आमचे कागद त्याला न येणाऱ्या भाषांत बोलत होते.

एजंटाचा दुसरा सल्ला

नकार आल्यावर एजंटाने दोन उपाय सुचवले. कुणाकडून तरी पाच-सात लाख घेऊन मुदतठेव दाखवायची आणि नव्या अर्जात आधीच्या नकाराचा उल्लेख टाळायचा. दोन्हींना आम्ही स्पष्ट नाही म्हटले. वाचकांनीही असल्या सल्ल्याला बळी पडू नये. अर्जात थेट प्रश्न असतो, तुम्हाला यापूर्वी कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का? बोटांचे ठसे त्यांच्याकडे असतात, आधीचा अर्जही असतो. नकार लपवला तर तो आणखी एक नकार राहत नाही, ती फसवणूक ठरते आणि ब्रिटनमध्ये त्यासाठी दहा वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. एकाहत्तराव्या वर्षी दहा वर्षे म्हणजे काय, हे सांगायला नको. उलट खरे सांगितलेला नकार दुसऱ्या अर्जाचे दार बंद करत नाही. किती दिवस थांबायचे असेही बंधन नाही. फी मात्र परत मिळत नाही, नव्याने भरावी लागते. तेव्हा ती ११५ पौंड होती; २०२५ च्या एप्रिलमध्ये १२७ पौंड झाली. अर्ज करताना चालू दर पाहून घ्यावा.

देशादेशांची रीत निराळी असते, हेही लक्षात ठेवावे. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठी सहसा वकिलातीत मुलाखत होते आणि आपण परत येऊ हे अधिकाऱ्याला पटवण्याची जबाबदारी कायद्यानेच अर्जदारावर टाकलेली आहे. तिथेही अपील नाही, नवा अर्ज हाच मार्ग. फ्रान्स, जर्मनी, इटली वगैरे शेंगेन देशांत नकाराची कारणे छापील नमुन्यावर खूण करून देतात आणि तिथे अपिलाचा हक्क आहे. कुठलाही देश असो, पहिले काम एकच. नकाराचे पत्र शांतपणे तीनदा वाचायचे आणि प्रत्येक मुद्द्यापुढे, याला उत्तर देणारा कागद आपल्याकडे कोणता, हे लिहायचे.

उतारा म्हणजे काय?

त्या फेब्रुवारीत आमच्या जेवणाच्या टेबलावर अव्वांचे अख्खे आयुष्य पसरले होते. कन्नड उतारा त्या वाचत, मराठी बिले मी वाचत असे आणि इंग्रजी करण्याचे काम शहरातल्या एका अनुभवी अनुवादकाकडे दिले होते. ब्रिटनला भाषांतराखाली अनुवादकाचे नाव, सही, तारीख, संपर्काचा पत्ता आणि भाषांतर अचूक असल्याची हमी लागते. एवढे असले म्हणजे पुरते.

पण खरी गंमत शब्दांत होती. जमिनीच्या कागदालाही आपण उतारा म्हणतो आणि उसातून किती टक्के साखर निघाली त्यालाही उताराच. दोन कागदांवर एकच शब्द, अर्थ दोन. खोडवा म्हणजे काय, हे एका वाक्यात सांगावे लागले. एकदा तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटून येणारे पीक. चाळीस गुंठ्यांचा एक एकर, हीही तळटीप द्यावी लागली. आणि नावाचा घोळ वेगळाच. कन्नड कागदावर अव्वांच्या नावापुढे ‘व्वा’, कारखान्याच्या बिलावर ‘बाई’, पासपोर्टवर दोन्ही नाहीत. आपल्याकडे ही तिन्ही नावे एकाच बाईची हे शेंबडे पोरही सांगेल. तिकडे त्या तीन बायका झाल्या. त्यासाठी नोटरीपुढे प्रतिज्ञापत्र केले.

मग सोबतचे पत्र लिहिले. त्यात नकाराचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात केला आणि तीन मुद्द्यांना क्रमाने उत्तरे दिली. ऊस वर्ष-दीड वर्ष शेतात उभा असतो आणि पैसे हंगामात एकदम येतात. केंद्र सरकार उसाचा किमान दर, म्हणजे एफआरपी, दरवर्षी जाहीर करते. २०२३-२४ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३१५ रुपये होता. एकशे दहा टन ऊस गेला आणि खात्यावर आलेली रक्कम हीच. सोबत बिल जोडले आहे. मागच्या हंगामातही याच सुमारास अशीच रक्कम आली होती. तेही बिल आणि तेव्हाचे पासबुकाचे पान जोडले आहे. बँकेतला तो ‘अचानक’ आकडा असा दोन वर्षांच्या ओळीत ठेवल्यावर अचानक राहिला नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत अवघड, परत येण्याचा. येणारच, हे कसे सिद्ध करायचे? मी अव्वांना विचारले, ‘‘तुम्ही परत का याल, ते तुमच्या शब्दांत सांगा.’’ त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. म्हणाल्या, ‘‘अगं, घर इथं, खोडवा रानात उभा. मृग निघायच्या आत यायलाच पाहिजे. लेकीच्या घरी राहून कसं चालेल?’’ मला त्या वेळी जाणवले की आपल्या दोन्ही भाषांत उंबरा ओलांडणारा माणूस ‘जाते’ म्हणतच नाही. मराठीत ‘जाऊन येते’, कन्नडमध्ये ‘होगि बरतेनी’. परतीचे वचन निरोपातच असते. पण ‘होगि बरतेनी’ला व्हिसाच्या कचेरीत पुरावा म्हणत नाहीत. म्हणून मुदत सहा महिन्यांऐवजी चार आठवडे मागितली, मे ते जूनचा पहिला आठवडा. खोडव्याची नोंद, घराच्या मालकीचा कागद, एकत्र राहणाऱ्या कुटुंबाची माहिती आणि माझ्या व्हिसाची प्रत जोडली. राहण्या-जेवणाचा खर्च नणंद करणार होती, म्हणून तिचे पत्र, तिचा पगाराचा दाखला आणि घराचा करार. एकूण कागद पहिल्या अर्जापेक्षा थोडेच जास्त होते. पण आता प्रत्येक कागद कशासाठी जोडला आहे, ते पत्रात लिहिलेले होते.

पुन्हा चन्नम्मा एक्स्प्रेस, पुन्हा ठसे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात व्हिसा आला. अव्वांनी देवापुढे साखर ठेवली, अर्थात आपल्याच उसाची असे समजून.

थेम्सच्या काठी

७ मे २०२४ ला लोकसभेचे मतदान होते. अव्वांनी सकाळी मत दिले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही मुंबईमार्गे निघालो. हीथ्रो विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या बाईने त्यांच्या बोटाच्या शाईकडे पाहून हे काय, असे विचारले. मी सांगितल्यावर ती हसली आणि किती दिवस राहणार, हे तिने सरळ अव्वांनाच विचारले. ‘‘फोर वीक्स,’’ अव्वा म्हणाल्या. विमानात त्यांनी ते दोन शब्द घोकले होते.

हॅरोच्या त्या घरात पुढचे काही तास काय झाले, ते मी लिहिणार नाही. नातवाला मांडीवर घेऊन अव्वांनी तेलाची डबी उघडली, एवढे पुरे.

त्या आठवड्यात १० मे रोजी बसव जयंती होती. पुढच्या रविवारी आम्ही थेम्सच्या दक्षिण काठी, लॅम्बेथ भागातल्या अल्बर्ट एम्बँकमेंटवर गेलो. इथे महात्मा बसवेश्वरांचा अर्धपुतळा आहे. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. लॅम्बेथचे माजी महापौर, मूळचे कलबुर्गीचे डॉ. नीरज पाटील यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. ब्रिटनची संसद नदीच्या पलीकडच्या तीरावर. बाराव्या शतकात कल्याणच्या अनुभव मंटपात स्त्री-पुरुष, सगळ्या जातींचे शरण एकत्र बसून चर्चा करत. त्या मंटपाचा संस्थापक इथे संसदेच्या शेजारी उभा आहे. पायथ्याशी कुणीतरी वाहिलेली फुले होती. अव्वांनी कपाळ टेकवले आणि मग कठड्याशी जाऊन नदी पाहत राहिल्या. मी म्हटले, ‘‘आपल्या वेदगंगेचं पाणी दूधगंगेला, दूधगंगेचं कृष्णेला मिळतं, आणि कृष्णा कूडलसंगमाला जाते. बसवण्णांच्या पायाशीच.’’ त्या म्हणाल्या, ‘‘ते ठाऊक आहे. पण ही नदी उलटी वाहतेय बघ.’’ भरती होती. थेम्सला लंडनमध्ये समुद्राची भरती-ओहोटी लागते आणि भरतीला पाणी समुद्राकडून शहराकडे चढते. इतिहास शिकवणाऱ्या माझ्या लक्षात ते आले नव्हते. उसाला पाणी पाजणाऱ्या बाईच्या आले.

दुसऱ्या दिवशी प्रिमरोझ हिलजवळ, किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर पाहिले. १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले होते. पैसे जमवून १९२० मध्ये ते पुन्हा आले आणि शिक्षण पूर्ण केले. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली हे घर विकत घेतले. ज्या दिवशी बसवेश्वरांचा पुतळा उघडला, त्याच दिवशी या स्मारकाचेही उद्घाटन झाले. पुढे घराचे संग्रहालय करायला स्थानिक नगरपरिषदेने परवानगी नाकारली. अपील झाले आणि मार्च २०२० मध्ये ती मिळाली.

माझ्या मनात आणखी एक पत्ता होता, मायदा व्हेल भागातला १०, हाउली प्लेस. या घरावरच्या पाटीवर लोकमान्य टिळकांचे नाव आहे. १९१८-१९ मध्ये ते इथे राहिले. एप्रिल १९१६ मध्ये होमरूल लीगची स्थापना आपल्या बेळगावातच झाली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण दोन वर्षांनी त्याच कामासाठी टिळक आणि त्यांचे सहकारी इंग्लंडला निघाले, तेव्हा कोलंबोला पोचल्यावर त्यांचे पारपत्र रद्द झाल्याचे कळले आणि त्यांना माघारी फिरावे लागले, हे फारसे सांगितले जात नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चिरोल खटल्याच्या निमित्ताने परवानगी मिळवून ते निघाले आणि लंडनला पोचले. खटला हरले, पण वर्षभर राहून भारताची बाजू मांडली. टिळकांचा नकार राजकीय होता, त्याची आमच्या नकाराशी तुलना नाही. तरी ती पाटी वाचून दाखवल्यावर अव्वा म्हणाल्या, ‘‘म्हणजे त्यांनासुद्धा परत पाठवलं होतं?’’ फेब्रुवारीपासून त्यांच्या मनात रुतलेले काहीतरी त्या वेळी सैल झाले असावे. घरी आल्यावर हे त्यांनी नणंदेला दोनदा सांगितले.

शेवटी थोडे कामाचे

व्हिसा नाकारला गेला की आपल्याकडे घरे ती गोष्ट लपवतात. लग्न मोडल्यासारखी कुजबुज होते. त्या संकोचापायी लोक एजंटाच्या हाती सगळे सोपवतात आणि दुसऱ्यांदा नकार घेतात. खरे तर नाकारला जातो तो अर्ज. माणसाला तिथे कुणी पाहिलेलेच नसते. शेतकऱ्याचे, किराणा दुकानदाराचे, घरमालकिणीचे आयुष्य पगारदारासारखे दरमहा एका ओळीत बसत नाही; ते कसे चालते हे परक्या माणसाला समजेल अशा भाषेत आपणच लिहून द्यावे लागते. अर्ज कुणीही भरो, सही करण्याआधी तो पूर्ण वाचून घ्यावा, आईवडिलांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा. मुदत गरजेपुरतीच मागावी. मोठी रक्कम खात्यात आली असेल तर तिचा उगम दाखवावा. नावात फरक असेल तर प्रतिज्ञापत्र करावे. आणि मिळालेल्या मुदतीच्या आत परत यावे.

अव्वा ५ जूनला परतल्या. मुंबईच्या विमानतळावर त्यांच्या पासपोर्टवर जो शिक्का बसला, त्याची झेरॉक्स आता त्यांच्या फाइलीत उताऱ्याच्या मागे लावलेली आहे. नातू मोठा होतो आहे, पुन्हा जायचे आहे, आणि पुढच्या अर्जात तिसऱ्या मुद्द्याला तेवढा एक कागद पुरेल, असे त्यांचे म्हणणे आहे.